मोकाट पत्रांचा हंगाम

कारखाना सुरू झाला की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली की मळीचा आंबूस-गोड वास आत येतो, ओट्यावर बारीक काळी राख पडलेली असते आणि दोरीवरचे पांढरे कपडे पुन्हा पाण्यातून काढावे लागतात. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागे ऊस उपसणारी पोरं. दर वर्षी हेच. लोक या वासावर हळवे होतात. मी फडकं ओलं करून ओटा पुसते.

यंदा पहिली राख पुसत होते तेव्हाच फोन थरथरला. आमच्या भागातल्या भाजीवाल्यांचा एक ग्रुप आहे. ॲडमिन मी, कारण बाकीच्यांना कंटाळा येतो. त्यावर टोमॅटोचा भाव असतो, कुणाच्या ढोबळी मिरचीवर कोकडा रोग आलेला असतो, कुणाला रोपं हवी असतात. आणि या सगळ्याच्या मध्ये, जेवणाच्या ताटात माशी पडावी तशी, घरबसल्या कमाई येते. टकलावर केस येतात. कुणी अनोळखी सुंदरी ‘हाय डिअर’ म्हणते. ग्रुपची लिंक कुणीतरी कुठंतरी टाकतं आणि ही मंडळी आत येतात. मी उडवते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावानं हजर.

भाचेसून शेजारी बसून शेंगा निवडत होती. म्हणाली, “आत्या, तुम्ही प्रत्येक उघडून का वाचता? कचरा आहे हो तो. न वाचता उडवायचा असतो.”

“सवय,” मी म्हटलं.

याला आता स्पॅम म्हणतात. आमच्याकडे तो शब्द पोचायच्या आधी आम्ही त्याला मोकाट म्हणायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी. कॉम. होऊन बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. खाली सायकलचं दुकान, वर क्लास. धूळ नको म्हणून चपला जिन्याखाली काढायच्या. आत पडदे लावलेले, फरशी गार, मशिनींवर प्लॅस्टिकची झाकणं. बाहेर ऊन, ट्रॅक्टर, राख आणि आत देवघरासारखी शांतता. क्लासचे मालक शिर्केसर. माणूस हिशेबी, पण नव्या गोष्टीचा नाद. फोनची तार मशीनला जोडली की आधी कर्कश किंचाळी ऐकू यायची, मग खरखर, मग काहीच नाही. ते काहीच नाही म्हणजे आपण जगाशी जोडले गेलो, असं सर सांगायचे.

सरांनी परदेशातल्या एका फुकट सोयीवर टपालगट काढला होता. एका पत्त्यावर पत्र टाकलं की गटातल्या सगळ्यांना पोचायचं. गटाचं नाव ‘बांधावर’. पुण्यात शिकणारी आमच्या भागातली मुलं त्यात होती, आखातात गेलेले फिटर होते, आणि ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता असे शेतकरीही होते. त्यांचे पत्ते मी काढून दिले होते. बाजारच्या दिवशी ते वर यायचे, सांगायचे, मी लिहायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. पुढच्या बाजारी ते आले की आलेली उत्तरं मी वाचून दाखवायचे.

कळंबचे वसंततात्या टोमॅटो करायचे. त्यांना मजकूर सांगताना ओरडायची सवय.

“तात्या, हळू. हे मशीन ऐकत नाही, मी लिहिते.”

“अगं पण लांब जायचंय की त्याला.”

पुण्यातल्या एका शेतकीच्या पोरानं त्यांच्या पानांवरच्या डागांचा इलाज कळवला तेव्हा तात्यांनी सगळ्या क्लासला भजी चारली. तेलकट बोटांनी कुणी कीबोर्डला हात लावू नये म्हणून सर दारात उभे राहिले होते. तो गटाचा चांगला काळ. तो फार टिकला नाही, पण होता.

पारूआक्का कऱ्हाटीची. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. सासऱ्याच्या काळात कळप मोडला, विहीर पाडली, आणि पुढच्या पिढीनं वांगी-गवार सुरू केली. बाजारात माल विकून झाला की ती रिकामी पाटी डोक्यावर घेऊन निघायची. पहिल्यांदा वर आली ती मी निरोप धाडला म्हणून. पाटी चपलांशेजारी ठेवली आणि दारातूनच विचारलं, “बाळूचं काय आलंय म्हनं हितं?”

बाळू तिचा एकुलता मुलगा. वेल्डर. एजंटामार्फत आखातात गेला होता. एक पत्र आलं, मग बंद. तिनं पाठवलेली पत्रं शिक्के घेऊन परत येत होती. गावात तिच्या घरी फोन नव्हता. आणि एक दिवस गटावर कुठल्याशा परदेशी नावाच्या, आम्हाला अजिबात माहीत नसलेल्या पत्त्यावरून ओळ आली: ‘आईला सांगा मी बरा आहे. हा पत्ता माझा नाही. बाळू, कऱ्हाटी.’ इंदापूरचा कोणी फिटर त्याला तिकडे भेटला होता, त्यानं गटाचं सांगितलं असावं.

मी वाचून दाखवलं. ती मशीनच्या पडद्यावरच्या अक्षरांकडे वाकली.

“हे त्याचं अक्षर न्हाय.”

“मशीनचं अक्षर आहे, आक्का. सगळ्यांचं सारखंच दिसतं.”

“मग त्यानंच लिवलं कशावरनं?”

मला हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. पुढे पंचवीस वर्षं मोठमोठ्या कंपन्या याच प्रश्नावर डोकं फोडत बसल्या. आक्कानं तो पाच मिनिटांत सोडवला. म्हणाली, “त्याला इचार, आपली तांबडी गाय कशी मेली.”

मी लिहिलं. गटावरचं पत्र कुणालाही उघडून वाचता यायचं. बरेच बाजार गेले. मग आणखी एका अनोळखी पत्त्यावरून उत्तर आलं: ‘गाय मेली नाही, विकली. मी नको म्हणत होतो. आईला माहीत आहे.’

आक्का तोंडाला पदर लावून हसली. “त्योच हाय. अजून भांडतोय माज्यासंगं.”

त्यानंतर एकच पत्र आलं, तिसऱ्याच पत्त्यावरून. ‘कंपनी बंद झाली. दुसरीकडे जातोय. ठिकाण लागलं की इथेच कळवतो.’ इथेच म्हणजे बांधावर. त्या वर्षीचा गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. जिन्यावर राख पडायला लागली होती, तळवे काळे व्हायचे आणि गार फरशीवर सगळ्यांच्या पावलांचे ठसे उठायचे.

आणि त्याच दिवसांत मोकाट आली.

आधी एखाद-दुसरं. कसल्यातरी गोळ्या, कसलंतरी जुगाराचं दुकान, महिन्यात श्रीमंत व्हा. मग रोज. गटाचं दार उघडं होतं, कुणीही आत यावं, पत्र टाकावं. पिकात गुरं घुसावीत तशी ती घुसली आणि तात्यांनीच त्यांना नाव दिलं. “मोकाट हायती ही. कोंडवाड्यात घाल.” पण कोंडवाड्यात घातलेल्या गुराचा मालक कधीतरी येतो, दंड भरतो, शिव्या देतो आणि जनावर सोडवून नेतो. यांचा मालक कुणालाच दिसत नव्हता.

“येवढी पत्रं लिवतंय तरी कोन?” तात्या विचारायचे. “त्याला शेतीबाडी न्हाय का?”

“मशीन लिहितं, तात्या.”

“मग वाचायला पन मशीनच बशीव की. तू कशाला डोळं फोडतीस?”

थट्टा म्हणून म्हणाले होते. आज तेच झालं आहे.

त्या दिवसांतली आमची चूक सांगते, कारण ती आमच्याकडच्या माणसांनीच केली असती. आम्ही उत्तरं दिली. आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं, असं आम्हा सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. कुणी परदेशातून घर घ्यायला कर्ज देऊ केलं, तर तात्यांनी मला लिहायला लावलं की आपला आभारी आहे, आमचं घर आहे, पत्र्याचं आहे पण पक्कं आहे. एका बाईनं वजन कमी करायची पावडर देऊ केली, तर मोरगावच्या रस्त्यावरचे एक आजोबा म्हणाले, “तिला लिव, हितं वजन वाडायची पावडर आसंल तर बोल.” सगळे हसले. मी लिहिलं, पाठवलं.

आणि आक्काची उत्तरं तर सगळ्यांहून लांब. तिच्या मते पत्र परदेशातून आलंय, बाळू परदेशात आहे, म्हणजे विचारायला हरकत काय? ती सांगायची, मी इंग्रजी करायचे: ‘रामराम. आपलं पत्र मिळालं. आम्हाला गोळ्या नकोत. माझा मुलगा बाळू तिकडेच वेल्डिंग करतो. उंच आहे, डाव्या भुवईवर खूण आहे. दिसल्यास आई वाट बघते असं सांगणे.’

प्रत्येक उत्तरानं पलीकडच्या मशीनला कळत होतं की या पत्त्यावर जिवंत माणूस आहे. मोकाट दसपट झाली. सर पुण्याहून कुणाला तरी विचारून आले आणि जिन्यातूनच ओरडत वर चढले, “उत्तरं बंद! आजपासून एकही उत्तर नाही. तुम्ही लोक चोराला घरचा पत्ता देताय.”

उत्तरं बंद झाली. पूर थांबला नाही.

मग आमचा दिनक्रम ठरला. सकाळी क्लास उघडायचा, झाडून घ्यायचं, उदबत्ती लावायची, तार जोडायची, किंचाळी ऐकायची. आणि मोकाट पत्रं उतरत बसायची, एक संपलं की दुसरं. मध्येच फोन तुटायचा, पुन्हा पहिल्यापासून. एका खात्याला गटातून काढलं की तेच दुसऱ्या नावानं परत. नावं अशी की अक्षरं सांडल्यासारखी. बाळूची पत्रंही नेमकी अशाच नावांवरून आलेली. कधी कुणा सोबत्याच्या खात्यावरून, कधी इंटरनेटच्या दुकानातल्या कुणाच्या, विषयाची जागा रिकामी. बाहेरून बघितलं तर मोकाट आणि बाळू यांत काही फरक नव्हता. म्हणून प्रत्येक उघडावं लागायचं. सुपात तांदूळ घेऊन खडे वेचतात, तसं. इथे सूपभर खडे होते आणि तांदळाचा दाणा असेलच याची खात्री नव्हती.

सरांचा उपाय सोपा होता. गटाला कुलूप. जे आधीपासून सभासद आहेत तेवढ्यांनीच लिहायचं, अनोळखी पत्ता आला की तो आपोआप बाहेर. एक बटण दाबायचं काम. तात्यांसकट बाकी सगळ्यांना ते पटलं होतं. टोमॅटोवाल्याला त्याचा बांध परत हवा होता आणि त्यात त्याचं काही चूक नव्हतं.

बाजारच्या दिवशी सरांनी आक्काला समोर बसवून समजावलं. मी पडद्यासमोर होते.

“आक्का, कुलूप लावलं नाही तर गट बुडतो. लोक सोडून चाललेत.”

“आनि बाळू आला तर?”

“त्यानं स्वतःचं खातं काढावं.”

“त्याला कोन सांगनार?”

त्याला सांगायची जागा एकच होती आणि तिथे तो येऊन वाचेल तेव्हाच.

आक्का म्हणाली, “आमच्यात पान्यावर मेंढरांची दोन खांडं एक झाली, तर परक्याचं मेंढरू काठीनं हाकलत न्हाईत. आपल्यात मिसळलं तर मिसळू द्यायचं. चारायचं, जाळीच्या आत घ्यायचं. धनी इचारत येतो. माजा सासरा दुसऱ्याचं मेंढरू पावसाळाभर वागवत हुता.”

“ही मेंढरं नाहीत, आक्का,” मी म्हटलं. “उंदीर आहेत.”

“उंदराला नाव आसतं व्हय? वाच की, काय नाव हाय त्याचं?”

मी वाचलं. कुठल्यातरी गोऱ्या बाईचं नाव होतं.

“बग. कुनाची तरी लेक हाय.”

ती कुणाचीच लेक नव्हती. ते नाव एका मशीननं दुसऱ्या मशीनच्या पेटीत टाकलेलं होतं. पण हे मी तिला कोणत्या भाषेत सांगणार होते? मला स्वतःला ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. सर उठले आणि म्हणाले, “हंगाम संपेपर्यंत बघू.” व्यवहारी माणूस एवढीच सूट देऊ शकतो आणि ती त्यांनी दिली, हे मी आजही मान्य करते.

त्या हंगामात बांधावरून लोक उठून गेले. कुणी भांडून गेलं नाही. पुण्यातली मुलं आधी गेली, मग आखातातले फिटर. तात्यांनी पानांवरच्या भुरी रोगाबद्दल काही विचारलं होतं, तो प्रश्न मोकाटांच्या ढिगाखाली असा गेला की कुणी पाहिलाच नाही. तात्या दोन-तीन बाजार येऊन विचारत राहिले. शेवटी मला म्हणाले, “पोरी, चावडीवर येवढा दंगा आसंल तर मानूस घरी जातं. आमी चाललो.” जिन्याखाली चपला घालताना खालूनच मोठ्यानं म्हणाले, “आन् त्या पावडरवालीला माजा रामराम सांग!”

हसायला वर कोणी उरलं नव्हतं. उसाचे फड रिकामे होत गेले. तोडणीवाल्यांच्या खोपी मोडल्या, गाड्यांना बैल जुंपले, मुक्कामाच्या जागी चुलीचे तीन-तीन दगड काळे होऊन राहिले. वासही विरळ झाला. गटावर आता मोकाट होती, मी होते आणि दर बाजारी दारात उभी राहणारी आक्का.

“काय हाय का?”

“नाही, आक्का.”

“सगळी बगितलीस?”

“सगळी.”

आणि खरंच बघितलेली असायची. कुणी विचारेल, कशासाठी? मला त्याचं उदात्त उत्तर देता येत नाही. ती विचारायची, आणि तिला खोटं सांगायचं तर पुढच्या बाजारी पुन्हा सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा बघणं सोपं.

या विषयावर मी नंतर पुष्कळ विचार केला. आशेचं काही हाती लागलं नाही. आता पत्रं चाळायला माणूस लागत नाही. मशीन दारातच ओळखतं. अनोळखी खातं, रिकामा विषय, मोडकी अक्षरं, एका ओळीचा मजकूर, आणि पत्र थेट कोंडवाड्यात. काही दिवसांनी कोंडवाडाही आपोआप साफ. फार चांगली सोय आहे, मीही वापरते. फक्त एवढंच कळतं की आज बाळूनं ती तीन पत्रं लिहिली असती, तर तिन्ही कुणी न उघडता गेली असती. तेव्हा आम्ही मोकाटांखाली बुडालो. आज कुणी बुडत नाही. पण दोन्हीकडे आक्काच्या हाती काय लागतं? तेच.

बाळू आला नाही. एजंटाच्या ऑफिसात पुढे मोबाइलचं दुकान निघालं. आखातातून परतलेल्या इंदापूरच्या त्या फिटरला मी एका लग्नात गाठलं. तो म्हणाला, कंपनी बंद झाल्यावर सगळे पांगले, कुणाचा कुणाला पत्ता नाही. म्हणजे बाळूनं लिहिलं आणि ते ढिगात हरवलं, की त्यानं लिहिलंच नाही, की लिहायला तो राहिलाच नाही, हे कधी कळायचं नाही. आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. तिची वांग्याची जमीन खंडानं दिली आहे. तिथे आता ऊस असतो आणि तोही याच कारखान्याला जातो. कधीकधी ओटा पुसताना मनात येतं, यातली थोडी राख तिच्या वावरातली असेल. एवढंच. पुसायची तर असतेच.

कुलूप लावायची वेळ सरांवर आलीच नाही. हंगाम संपून कारखाना बंद व्हायच्या सुमारास परदेशातल्या त्या कंपनीनं गटच काढून टाकला. आमच्या गटातून फार घाण पसरते आहे, असं त्यांच्या मशीनला वाटलं. म्हणजे मोकाट आमच्या पिकात शिरली आणि कोंडवाड्यात आम्हाला घातलं. दाद मागायला पत्ता नव्हता.

बाजारच्या दिवशी आक्का आली. मी सांगितलं, बांध गेला. तिला ते पटेना. “टाकून तर बग एक पत्र.” मी ‘बांधावर’च्या पत्त्यावर दोन शब्द टाकले. मिनिटाभरात उत्तर आलं. गटाच्या त्या सगळ्या दिवसांत इतक्या लवकर उत्तर कधी आलं नव्हतं. आक्का पुढे सरकली.

“काय म्हनतोय?”

मी मराठी करून वाचलं: ‘हा पत्ता अस्तित्वात नाही. आपलं पत्र पोचवता आलं नाही.’

“कोन म्हनतंय हे?”

“मशीन.”

“त्याला उत्तर घाल.”

“आक्का, सरांनी उत्तरं बंद केलीत. आणि याला उत्तर पोचत नाही.”

“घाल तरी. लिव, आमचा पत्ता बदलला न्हाय. आमी हितंच हाय. कुनी इचारत आलं तर त्याला तेवडं सांगा.”

मी लिहिलं. तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली, पदर सारखा केला आणि पाटी घ्यायला वळली. ती जिन्याखाली चपला शोधत होती तोवर पत्र परत आलं. त्याच दोन ओळी.

मी तिला हाक मारली नाही.